धाकटीची वाळू

आमच्या धाकटीला शेजारीपाजारी वाळूवाली म्हणतात. एवढी शिकली, मत्स्य खात्यात लागली, आणि घरी काय आणते, तर बादलीभर ओली वाळू. सुरुवातीला मला लाज वाटायची. एकदा तसं बोलूनही गेले, तेव्हा तिचे बाबा म्हणाले, "बरंय की. कुणाच्या घरात सोनं असतं, आपल्या घरात वाळू. निदान चोर तरी येणार नाहीत."

तिचं काम एका वीतभर चंदेरी माशाचं आहे. पाण्यातले डोळ्यांना न दिसणारे जीव खाऊन तो वाढतो आणि मग त्यालाच सगळे खातात. मोठे मासे खातात, पाणपक्षी खातात. "समुद्राची शिदोरी आहे ती, आई," धाकटी म्हणते. "शिदोरी संपली, की मोठ्यांचीही उपासमार." वर्षा-दोन वर्षांचा झाला की हा मासा भरतीच्या लाटेबरोबर पार किनाऱ्याला येतो आणि मादी बारीक खड्यांच्या वाळूत अंडी सोडते. अंडं खसखशीच्या दाण्याएवढं. ते वाळूच्या कणाला घट्ट चिकटतं. पाणी ओसरतं, मासे निघून जातात, अंडी दोनेक आठवडे तिथंच ओलाव्यात राहतात. पुढच्या एखाद्या मोठ्या भरतीला पिल्लं बाहेर पडून पाण्याबरोबर जातात.

"म्हणजे संसार समुद्रात आणि बाळंतपण जमिनीवर?" मी विचारलं होतं.

"हो. माहेरी येतात म्हण ना."

माहेराला सावली मात्र लागते. उन्हाळ्यात उघड्या वाळूवर अंडी करपतात. आमच्या गावाच्या टोकाला दोनशे पावलांचा एक पट्टा आहे, तिथं जुनी झाडं पाण्याकडे वाकलेली आहेत. नेमकी तीच झाडं तोडून, काँक्रीटची भिंत घालून गाड्या लावायची जागा करायचं ठरत होतं. तिथं या माशाची अंडी सापडली तर बांधकाम करता येत नाही, असा नियम. धाकटीच्या पहिल्या दोन नमुन्यांत काहीच निघालं नव्हतं. भिंतीच्या इंजिनिअरांनी तर आपल्या अहवालात "मृत वाळू" असं लिहूनही टाकलं होतं. हे ठरवणाऱ्या समितीची शेवटची बैठक बुधवारी होती.

शनिवारी कार्यालय बंद, म्हणून तिसरा नमुना ती घरी घेऊन आली. आधी तीन चाळण्यांतून वाळू काढायची, मग निळ्या टबात पाणी घालून गोल गोल फिरवायची. मी तांदूळ रोळते ना, अगदी तस्सं. फिरवून झालं, मधोमध भुरकट असं काहीतरी वर आलं, आणि तेवढ्यात तिचा फोन वाजला. ती आत गेली.

मी म्हटलं, पोरीचा तेवढाच हात हलका होईल. इतकी वर्षं डाळ-तांदूळ धुतेय. वर तरंगतं ते पोचट, किडकं. ते ओतायचं, खालचं ठेवायचं. मी वरचं सगळं सिंकमध्ये ओतलं, वर नळही सोडला.

ती बाहेर आली. "आई, वरचं कुठंय?"

"कचरा होता गं, टाकला. बघ, वाळू कशी लख्ख झाली!"

ती सिंकवर वाकली. "अंडी हलकी असतात. वर तीच येतात."

"मग आधी सांगायचं नाही का मला?" मी उलट तिच्यावरच ओरडले आणि मग रडायला लागले. तिचे बाबा पेपरच्या आडून म्हणाले, "चला, गटारात माशांची वस्ती झाली."

धाकटीनं कागद ओढला. मी म्हटलं, "सांडलं असं लिही ना."

"सांडलं नाही, ओतलं." तिनं लिहिलं, "नमुना तीन बाद. घरी सिंकमध्ये वाहून गेला. टब उघडा ठेवला, चूक माझी."

रविवारी उजाडता उजाडता आम्ही दोघी किनाऱ्यावर होतो. मला तिथल्या शेवाळलेल्या दगडांची कायम धास्ती. ही त्यांच्यावरून आपल्याच स्वयंपाकघरात असल्यासारखी चालत होती. मी टेपचं टोक धरलं. भरतीनं आणून टाकलेल्या काडीकचऱ्याच्या ओळीलगत, झाडांच्या सावलीत, तिनं चार ठिकाणची वाळू उचलली, एकत्र केली आणि दोन पिशव्यांत भरली. एक तिथंच सीलबंद केली. "ही कशाला?" मी विचारलं.

"दुधानं तोंड पोळलंय," ती म्हणाली.

दुपारी घरी तिनं मला भिंगाखाली बघायला लावलं. वाळूच्या कणाला चिकटलेलं काचेसारखं अंडं, आत दोन काळे ठिपके. "डोळे आहेत ते," ती म्हणाली. तेवढ्यात आतला जीव गर्रकन वळला. असले किती डोळे मी नळाखाली सोडले होते, कुणास ठाऊक.

बुधवारी मी मागच्या बाकावर जाऊन बसले. इंजिनिअर हसत म्हणाले, "म्हणजे तिसरा नमुना सिंकमध्ये गेला आणि चौथ्यात बरोबर अंडी निघाली? कमाल आहे, मॅडम!"

लोक हसले. मला राहवलं नाही, उभी राहिले. "ती उगाच स्वतःवर घेतेय. मी ओतला, मी तिची आई." आणखी हसले. धाकटीचे कान लाल झाले, पण आवाज हलला नाही.

"खरंय. चूक झाली आणि ती माझ्या अहवालात लिहिलेली आहे. चौथ्या नमुन्याचा हा अर्धा भाग मी उघडलेला नाही. टब, पाणी, भिंग सगळं आणलंय. सील तुम्हीच तोडा, तुम्हीच फिरवा."

इंजिनिअरांना बाह्या सरसावाव्या लागल्या. चाळण्या झाल्या, टब फिरायला लागला, पाणी उसळून त्यांच्या बुटांवर आलं. "हळू फिरवा," मी मागून सांगितलं, "आणि वरचं ओतू नका!" या वेळी ते स्वतःसुद्धा हसले.

मग ते भिंगावर वाकले आणि बराच वेळ वर आलेच नाहीत. शेवटी म्हणाले, "डोळे आहेत याला." अध्यक्षबाईंनी बघितलं, मग बाकीच्यांनी रांग लावली. भिंत झाडांच्या मागे, रस्त्याच्या कडेला सरकवायचं ठरलं. झाडं राहिली. उरलेली अंडी धाकटीनं त्याच संध्याकाळी परत किनाऱ्यावर, काडीकचऱ्याच्या त्या ओळीत नेऊन ठेवली.

आता त्या निळ्या टबावर तिच्या अक्षरात चिठ्ठी आहे: "आईनं ओतू नये." घरी कुणी आलं की मी आधी ती चिठ्ठी दाखवते आणि मग सगळी हकिकत सांगते. उद्या पहाटे तिला पुन्हा जायचंय. दगड ओलेच असणार. तिच्या बुटांचे तळ मी घासून ठेवलेत.