भिजलेल्या माणसाला पंचा

मंडळी, आज आत्याला घाबरवायला गेले आणि कथेचा शेवटच बदलून आले.

डार्क फँटसी कथांचा नवा संग्रह घेऊन दुपारी मिरकरवाडा बंदराजवळ तिच्याकडे गेले होते. ती कोळंबी सोलत बसली होती. म्हणाली, "मोठ्यानं वाच गो, मला पण ऐकू दे."

एका कथेत समुद्रात बुडालेला माणूस बऱ्याच वर्षांनी घरी येतो आणि निथळत दारात उभा राहतो. घरचे घाबरून कडी लावतात. मी मुद्दाम घोगऱ्या आवाजात वाचलं.

आत्याचे हात थांबले. "इतका भिजून आला तो, आणि कुणी साधा पंचा पण दिलान नाय?"

मला हसू आलं. मग मागच्या दाराजवळ खिळ्याला टांगलेला पंचा दिसला. आतोबांची होडी परत आली नाही, त्याला बारा वर्षं झाली. तेव्हापासून आत्या एकटीच राहते. त्यांचा पंचा मात्र अजून धुतलेला असतो.

लेखकाची मनात माफी मागून मी शेवट पुन्हा वाचला, माझ्या मनाचा. घरच्यांनी दार उघडलं, त्याला पंचा दिला, गरम पेज वाढली.

"हां," आत्या म्हणाली आणि पुढची कोळंबी उचलली.

भूत होऊन आलं तरी ज्याच्यासाठी तुम्ही कडी काढाल, असं तुमचं कोण आहे?