सिस्टरची सुई

वंदना सिस्टर माझ्या तोंडाकडे कधी पाहत नसत. खोलीत आल्या की थेट पायाशी जात, नडगीवर शिवलेला मांसाचा तुकडा अंगठ्याने दाबत आणि रंग परत यायला किती वेळ लागतो ते पाहत. मग सुई टोचत. दर तासाला हेच. "मले रंग पाहाचा असते भाऊ, तोंड नाही," म्हणत.

सिहोऱ्याला माझी राईस मिल आहे, दोन पोत्यांच्या धंद्यातून उभी केलेली. पोत्यात परखी खुपसून मूठभर धानावरून माल ओळखण्यात आयुष्य गेलं. मिलच्या पट्ट्यात पाय सापडला, तेव्हा भंडाऱ्यात डॉक्टरांनी पाठीचं मांस काढून नडगीवर लावलं, केसाएवढ्या शिरा जोडल्या. आता परखी मला लागत होती.

दुसऱ्या दुपारी सुई काढताच रक्त काळपट आलं, भराभर आलं. रक्त आत जातंय, बाहेर निघत नाही, शीर तुंबली, आत्ताच उघडावं लागेल, असं सिस्टरनी सांगितलं. डॉक्टर कागद घेऊन आले. मी पहिल्या बोलीला कधी हो म्हटलेलं नाही. तुकडा वाचेल याची हमी मागितली. ती देता येत नाही, म्हणाले. मग माझा भाऊ गावाहून येईपर्यंत थांबा, म्हणालो. सिस्टर पुन्हा पुन्हा विचारायला येत.

"तुमच्या भावाची वाट तो तुकडा नाही पाहून राहिला."

मी त्यांना नको ते बोललो. दोन तासांनी सही केली.

शीर उघडली, तरी चौथ्या दिवशी तुकडा काळा पडला. डॉक्टर नुसते 'बघू, बघू' करत राहिले. तो राग आजही आहे. खरं सिस्टरनीच सांगितलं. "तो गेला भाऊ. पाय नाही गेला अजून." मेलेलं कापून काढलं, पुढे मांडीचं मांस लावलं. या वेळी कागद येताच सही केली. ते जगलं.

घरी आल्यावर डॉक्टरांची तक्रार करायची म्हणून फाईल मागवली. त्या दुपारच्या पानावर सिस्टरचं अक्षर होतं: रक्त काळपट, रुग्णाला विचारलं, नकार. खाली पुन्हा तेच. सहा वेळा. फाईल घेऊन तडक अड्याळला सिस्टरच्या घरी गेलो. त्या निवृत्त झाल्या होत्या, अंगणात लाखोळीची डाळ पाखडत होत्या. माझ्याविरुद्ध असं कशाला लिहिलं, विचारलं.

"मी रंग लिहिला भाऊ," त्या थकून म्हणाल्या. "तुमी मले काय काय बोलले, ते नाही लिहिलं."

मग सूप बाजूला ठेवून त्यांनी माझी नडगी दाबली, सोडली, पाहिली. "चांगला हाये."

तक्रार दिली नाही. सिस्टर या उन्हाळ्यात वारल्या. डॉक्टरांची गोष्ट मी अजून चारचौघांत तावातावाने सांगतो. त्या दोन तासांपाशी आलो की आवाज उतरतो.