नाव न घेता येणारा डोंगर

“डोंगराला नाव नाही, म्हणजे धनी नाही. पलटणीचे घोडे इथेच चरतील,” सर्व्हेवाला साहेब म्हणाला.

मुठेपलीकडच्या त्या कुरणावर वस्तीची सगळी गुरं जगत होती. घोडे शिरले असते तर काडी उरली नसती. मी साहेबाचा दुभाषी, म्हणजे इकडचं तिकडे सांगून दोन्हीकडची बोलणी खाणारा. मी पुण्याच्या पेठेतला, मला कुठलं त्या डोंगराचं नाव माहीत असायला! पदरचं सांगावं, तर आधीच्या दुभाष्याला साहेबाने त्याचसाठी हाकललं होतं.

वस्तीतले बाप्ये गवत विकायला शहरात गेले होते. विहिरीवर होती एक बाई आणि तिच्या दोन सुना.

“मावशी, तुम्ही कोण लोक?” मी विचारलं.

“कोण म्हंजी? आम्ही इथलेच.”

साहेबाने लिहून टाकलं: जात, इथलेच. मी कपाळाला हात लावला.

“बरं, डोंगराचं नाव?”

“ते न्हाई घेता येत. आमच्या ह्यांचं नि डोंगराचं नाव एकच हाय.”

सुनांकडे वळलो. सासऱ्याचं नाव त्या कशा घेतील? दोघींनी पदर पुढे ओढला.

इथे बायको नवऱ्याचं नाव घेत नाही, असं साहेबाला समजावलं. “मी नवरा विचारत नाही, डोंगर विचारतोय!” तो ओरडला. त्याचंही खोटं नव्हतं. माझं डोकंच चालेना. काळजीही वाटत होती, त्या गुरांची आणि माझ्या नोकरीचीही.

मग एकदम सुचलं. “मावशी, उखाणा घ्या, उखाणा! त्यात चालतं ना?”

ती लाजली. मग कुरणाकडे बघत म्हणाली,
“कुरणात चरत्यात गाया, दुधाला न्हाई वाण,
भैरोबांचं नाव घेते, ठेवा डोंगराचा मान.”

“भैरोबा!” मी साहेबाला म्हणालो.

“तो तर नवरा. तिला घेता येत नाही ते नाव नवऱ्याचं, असं तूच सांगितलंस. डोंगराचं मी कधीच लिहिलं, दोनदा ओरडलास की.” कागदावर होतं: उखाणा.

“साहेब, डोंगरही भैरोबाच.”

“एका नावाचे दोघे? मग काय, बिननावाचा लिहू?”

“नको, उखाणाच राहू द्या,” मी म्हणालो. नाव लागलं, म्हणजे साहेबाच्या हिशेबी धनीही लागला. घोडे पुढच्या माळावर गेले.

“लिवलं का नाव?” मावशीने विचारलं.

“लिहिलं.”

काय लिहिलं, ते तिने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

दुभाष्याने शब्दाला शब्द पोचवावा, अशी अपेक्षा असते. माझं म्हणणं, आधी गुरं जगू द्यावीत, शब्दांचं मागाहून बघता येतं.