शेवटची स्टेज

माळा आवरताना जुन्या व्हिडिओ गेमची कॅसेट सापडली. सवयीनं फुंकर मारली, तर धूळ नाकात गेली.

सिनेमावरचा गेम होता तो. हिरो उड्या मारत, गुंडांना लोळवत पुढं पळायचा. लहानपणी एका दुपारी मी पहिल्यांदाच शेवटच्या स्टेजला पोचलो आणि टीव्ही बंद पडला. धाकटी सुमी वायरीजवळ बसली होती. मी फाडकन तिच्या मुस्काटात मारली.

"दादा, मी न्हाय की रं पाय लावला!"

मी वर बघितलं. पंखाही थांबला होता. लाईटच गेली होती. तरी म्हणालो, "तूच बंद केलास."

आज सुमी माहेरी आलीय. वाटेत चार्जरची वायर होती. ती थबकली, साडी उचलून लांब पाय टाकत पलीकडं गेली.

मी कॅसेट पाठीमागं लपवली.