वाढत्या मापाचा फ्रॉक

कुंभारीच्या विडी कामगार वसाहतीत सारजाबाईंच्या घराची पुढची खोली म्हणजेच त्यांचं दुकान. मैंदर्गीकडच्या शेतकरी घरातली ही बाई शिवण शिकली ती वसाहतीत आल्यावर, आणि शिकली ती स्वतःच्या पद्धतीनं. दोन बायकांचे कपडे त्या कधी एकाच कागदावर बेतत नसत. जुन्या वर्तमानपत्रावर आखायचं, कापायचं, आणि त्या माणसाच्या अंगात जे काही वेडंवाकडं असेल ते कागदात उतरवायचं. विड्या वळून वळून कुणाचा उजवा खांदा पुढे आलेला असे, कुणाची पाठ गोल झालेली असे. त्या बायका म्हणत, सारजाबाईंचा ब्लाउज घातला की अंग सरळ वाटतं. भिंतीवर खिळ्यांना असे दोन-अडीचशे कागद टांगलेले होते, प्रत्येकावर नाव.

पाच वर्षांपूर्वी, एप्रिलच्या एका सकाळी, वसाहतीतल्या शाळेच्या पद्मजाबाई त्यांच्याकडे आल्या. हातात एक लहानसा पिवळा फ्रॉक होता, धुऊन मऊ झालेला.

"हा चार वर्षांचा आहे. मला पाचव्या वर्षाला बसेल असा करून हवा."

"पोरगी आणायची की बाई. माप घेतलं असतं."

"ती नाही येणार. तुम्ही अंदाजानं करा."

सारजाबाईंनी केला. जुना फ्रॉक कागदावर ठेवून आखला आणि कागद वाढवला. नुसता चारी बाजूंनी वाढवला नाही. "पोरी फुगत न्हाईत, लांबतात," असं त्या म्हणत. त्यांनी कंबर खाली घेतली, बाहीचा मुंढा थोडा सैल ठेवला, गळ्याला गोल कॉलर लावली. पद्मजाबाईंनी फ्रॉकच्या कॉलरवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "अगदी तिच्यासारखा झालाय."

पुढच्या एप्रिलला त्या पुन्हा आल्या, सहाव्या वर्षासाठी. त्याच्या पुढच्या वर्षी सातव्यासाठी. त्या वर्षी शाळेतल्या क्लार्क चेतनाबाई ब्लाउज टाकायला आल्या आणि टेबलावरचा फ्रॉक बघून विचारू लागल्या. कुणाचा ते कळल्यावर त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली.

"अहो, पद्मजाची भार्गवी चार वर्षांची असतानाच गेली. तापानं. दोन दिवसांत. नवरा करमाळ्याला बदली मागून घेऊन गेला, ही इथेच राहिली."

सारजाबाईंनी टेबलावरचा फ्रॉक उचलून बाजूला ठेवला. पण फ्रॉक त्यांनी पुरा केला. एका आईचं मन त्यात रमतंय, तर रमू दे, आपलं काय जातंय, असं त्यांनी ठरवलं. खरं सांगायचं तर त्यांना त्या कामाची गोडीच लागली होती. जी पोर नाही तिला त्या दर वर्षी इंचाइंचानं मोठी करत होत्या. आठव्या वर्षी चुण्यांचा घेर केला, नवव्या वर्षी फुग्याच्या बाह्या. भार्गवीच्या नावाचा कागद भिंतीवर इतरांच्या कागदांमध्येच टांगलेला असे.

यंदा पद्मजाबाई आल्या त्या गुरुवारी, ऐन दुपारी. बाहेर ऊन असं होतं की गल्लीत कुत्रंसुद्धा दिसत नव्हतं. त्यांनी जुना फ्रॉक आणलाच नव्हता. वहीचा एक कागद पुढे केला. मास्तरीणबाईंचं ते सुबक अक्षर. उंची, छाती, कंबर. खाली लिहिलं होतं: डावा खांदा अर्धा इंच खाली.

"शनिवारी सकाळी हवा," त्या म्हणाल्या.

"बाई," सारजाबाईंनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं, "हे माप कुणाचं?"

"भार्गवीचं."

आवाजात काही वेगळं नव्हतं. शाळेत हजेरी घ्यावी तसा आवाज. त्या पदर सावरून निघून गेल्या.

मेलेल्या पोरीला खांदा नसतो. आणि तो अर्धा इंच त्यांच्या ओळखीचा होता. उठून त्यांनी भिंतीवरून एक कागद काढला, महेश्वरीचा. मागच्याच गल्लीतल्या नागमणीची ही चौथीतली मुलगी. सातव्या वर्षी ओट्यावरून पडून तिचं गळ्याखालचं हाड मोडलं होतं, तेव्हापासून डावा खांदा उतरलेला. शाळेचा गणवेश एका बाजूला लोंबू नये म्हणून सारजाबाईंनीच तिच्यासाठी वेगळा कागद कापला होता. वहीतली मापं त्यांनी त्या कागदावर टेप लावून ताडून पाहिली. उंची गेल्या जूनमधल्या गणवेशानंतर वाढली असेल तेवढीच जास्त. बाकी सगळं तंतोतंत.

त्या तशाच नागमणीकडे गेल्या. नागमणी सुपात तंबाखू घेऊन विड्या वळत होती.

"आक्का, काय सांगू, बाई लई चांगल्या हायत," ती म्हणाली. "शनिवारी शाळा सुटली की पोरीला स्कूटीवर घरी नेतात. शिकवतात, जेवायला घालतात, डोक्याला तेल लावतात. संध्याकाळी आणून सोडतात."

"पोरगी काय म्हणती?"

"काय न्हाय. बाई तिला दुसऱ्याच नावानं हाक मारतात म्हणं. लाडाचं नाव असंल." नागमणीचे हात थांबले नाहीत. "आता सुट्टीत आठ दिवस करमाळ्याला नेणार हायत. देवीचं दर्शन घडवते म्हणाल्या. माझ्या पोरीला कोण नेणार दुसरं?"

सारजाबाईंनी भार्गवीची गोष्ट सांगितली. नागमणी चुकचुकली. "बिचारी. म्हणूनच लावत असंल जीव." इतकं म्हणून तिनं नवं पान घेतलं.

परत येताना सारजाबाईंना स्वतःचीच लाज वाटली. एका दुःखी बाईवर आपण नाही तो वहीम घेतोय. त्यांनी फ्रॉक बेतायला घेतला. पण त्या दोन दिवसांत मशीनचा धागा तीनदा तुटला, आणि प्रत्येक वेळी डाव्या खांद्याच्या शिवणीवरच.

शनिवारी मधल्या सुट्टीत आलेल्या पद्मजाबाईंनी फ्रॉक हातात घेऊन आधी डावा खांदाच चाचपला.

"आता बसेल," त्या म्हणाल्या. दारात वळून हसल्या. त्यांना हसताना सारजाबाई पहिल्यांदाच पाहत होत्या. "आता मला पुन्हा यावं लागणार नाही, सारजाबाई."

तासाभरानं शाळा सुटल्याची घंटा झाली तेव्हा सारजाबाईंनी हातातली कात्री खाली ठेवली. पायात चप्पल न घालताच त्या नागमणीच्या दारात उभ्या राहिल्या.

"ऊठ. आत्ता ऊठ. इचारू नगंस काय."

त्यांचा चेहरा बघून नागमणीनं सूप बाजूला सारलं. शाळेतून पत्ता घेऊन, रिक्षा करून दोघी शहरात पद्मजाबाईंच्या घरी पोचल्या. दार नुसतं लोटलेलं होतं. आत कूलर घरघरत होता. उंबऱ्याशीच दोन बॅगा भरून ठेवल्या होत्या. समोरच्या भिंतीवर एका दोरीला सारजाबाईंनी शिवलेले पाच फ्रॉक ओळीनं टांगलेले, लहानापासून मोठ्यापर्यंत, आणि त्यांच्या खाली खुर्चीवर महेश्वरी बसली होती. अंगात नवा फ्रॉक, दोन घट्ट वेण्या, मांडीवर हात. पद्मजाबाई तिच्या बुटाचा बंद बांधत होत्या.

"पोरी, तुझं नाव काय गं?" सारजाबाईंनी विचारलं. का विचारलं ते त्यांनाही कळलं नाही.

मुलीनं आईकडे पाहिलं, मग खाली वाकलेल्या पद्मजाबाईंकडे. मग म्हणाली, "भार्गवी."

नागमणी ओरडली, "महेश्वरी! रा, अम्मा, रा!" तिनं तेलुगूत तिला जवळ बोलावलं, तरी मुलगी हलेना. शेवटी नागमणीनं तिला उचलूनच कडेवर घेतलं, दहा वर्षांच्या मुलीला.

पद्मजाबाई उठल्या नाहीत. ओरडल्याही नाहीत. गुडघ्यावर बसल्या बसल्या सारजाबाईंकडे वर बघत म्हणाल्या, "तुम्हीच तर वाढवलीत तिला. दर वर्षी. मी काय नवीन केलं?"

सारजाबाई पद्मजाबाईंजवळ जमिनीवर बसल्या आणि चेतनाबाईंना फोन करून पद्मजाबाईंच्या नवऱ्याचा नंबर मिळवून त्यांनी त्याला बोलावलं. शरच्चंद्र करमाळ्याहून आला तेव्हा दिवस कलला होता. त्यानं भिंतीवरच्या दोरीकडे पाहिलं आणि दाराची चौकट धरून तिथेच उभा राहिला. बायको आपल्याकडे येणार आहे हे त्याला माहीतच नव्हतं. मग त्या दोघी नक्की कुठे निघाल्या होत्या, हे आजतागायत कुणाला कळलेलं नाही.

पोलिसात कुणी गेलं नाही. "मारलं न्हाय, उपाशी ठेवलं न्हाय. लिहून काय देऊ?" नागमणी म्हणाली. शाळेनं पद्मजाबाई रजेवर गेल्याचं सांगितलं. त्यांच्यावर उपचार चालू आहेत, एवढंच चेतनाबाईंकडून कळतं. भार्गवीचा कागद सारजाबाईंनी जाळला नाही, तसं करायला त्यांचं मन धजावलं नाही. घड्या घालून त्यांनी तो शरच्चंद्रकडे दिला, आणि त्यानं तो खिशात ठेवला. त्यानंतर माणूस समोर उभं राहिल्याशिवाय त्या कापडाला कात्री लावत नाहीत. जुना कपडा घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला त्या परत पाठवतात, चांगलं ओळखीचं असलं तरी.

जूनमध्ये नागमणी महेश्वरीला नव्या गणवेशासाठी घेऊन आली. सारजाबाईंनी टेप उघडण्याआधीच पोरीनं हनुवटी वर केली, हात अंगापासून जरा दूर धरले आणि श्वास रोखून उभी राहिली, सारजाबाईंनी कधी शिकवलं नव्हतं तशी.

"हल की गं जरा," सारजाबाई म्हणाल्या. "सोड श्वास."

ती हलली नाही. आई दाराबाहेर कुणाशी तरी बोलत होती तेवढ्यात तिनं हळूच विचारलं, "आक्का, बाई परत येणार हायत का?"

सारजाबाईंनी तिच्या डोळ्यांत बघितलं. ती भीतीनं विचारतेय की ओढीनं, हे त्यांना ओळखता येईना.