ओब्दुलियाबाईंना आलेलं बोलावणं

देवाने आपल्याला कशासाठी तरी बोलावलंय, याबद्दल ओब्दुलियाबाईंना तिळमात्र शंका नव्हती. कशासाठी, एवढंच कळत नव्हतं. आणि ते कळेपर्यंत आमच्या व्हिलारिका गावातल्या गोरगरिबांची धडगत नव्हती.

मी इथल्या चर्चमध्ये वीस वर्षं घंटा वाजवतो, त्यामुळे बाईंचे सगळे प्रयोग मी याचि डोळां पाहिले. आधी त्या तुरुंगात उपदेश करायला गेल्या. तिसऱ्या आठवड्यात कैद्यांनी अर्ज दिला, की न्यायाधीशांनी दिलीय तेवढीच शिक्षा पुरे. मग दवाखाना. बाईंचा आवाज व्हरांड्यात आला की अख्खा वॉर्ड झोपेचं सोंग घ्यायचा. एकाने तर घोरूनही दाखवलं.

शेवटी ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात फादर एलाडिओंनी हात टेकले. "बाई, हे शेवटचं काम. यातही नाही जमलं, तर घरी बसून प्रार्थना करा."

बाईंचा चेहरा एवढासा झाला. नवरा गेलेला, मुलगी ब्वेनोस आयर्सला; घरी बसायचं म्हणजे भिंतींशी बोलायचं. मला पहिल्यांदाच त्यांची कीव आली.

काम सोपं होतं. येशूने शिष्यांचे पाय धुतले, म्हणून गुरुवारी संध्याकाळच्या मिस्सेत फादर बारा जणांचे पाय धुतात. यंदा बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनात राहणारे बारा बेघर निवडले होते; बाईंनी त्यांना चर्चमध्ये घेऊन यायचं, एवढंच.

"फक्त आणण्याआधी त्यांचे पाय जरा धुवून घ्या," फादर हळूच म्हणाले, "चांदीचं घंगाळ आहे हो." आणि लंगडत आत गेले. वर्षभर लंगडत होते. फार गुडघे टेकतात बिचारे, असं आम्ही समजायचो.

गुरुवारी सहा वाजले. चर्च खचाखच भरलेलं आणि बारा खुर्च्या रिकाम्या. फादरांचा पारा चढला. "तेओफिलो, चल!" पांढऱ्या झग्यात ते पुढे, घंगाळ घेऊन मी मागे.

फलाटावर बाकांवर सगळे ओळीने बसले होते, तेरेरेचा, म्हणजे आमच्याकडच्या पाल्याच्या थंडगार चहाचा, पेला हातोहात फिरत होता. खाली स्टुलावर ओब्दुलियाबाई. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, मांडीवर तानी नावाच्या म्हाताऱ्याचा पाय, हातात नवऱ्याची तार कापायची पक्कड. नखं कापायची कात्री पहिल्याच अंगठ्याला मोडली होती. वर्षानुवर्षं अनवाणी चाललेले पाय ते. नुसतं पाणी ओतून काय होणार?

पण खरं नवल पुढेच. बाई गप्प होत्या! ओठ घट्ट मिटून काम चाललं होतं, आणि बोलत होते ते बाकीचे. तानी आईची आठवण सांगत होता. ज्यांनी मला कधी नावही सांगितलं नव्हतं, ते आपापल्या गावांची, बायकापोरांची गाऱ्हाणी सांगत होते.

"बाई! लोक ताटकळलेत!" फादर ओरडले.

"सात जण झाले, पाच राहिलेत. बसा," बाई मान वर न करता म्हणाल्या.

फादर चक्क बसले. कोणीतरी तेरेरेचा पेला त्यांच्या हातात दिला.

तानी त्यांच्या बुटाकडे बघत म्हणाला, "फादर, तुमचं काय दुखतंय?"

"कुठे काय!"

"मग लंगडता कशाला?"

फादर इकडेतिकडे बघत पुटपुटले, "नख आत गेलंय."

"मग काढा की बूट. इथे कोण परकं आहे?"

बाराव्याचं झाल्यावर फादरांचा सुजलेला अंगठा बाईंच्या मांडीवर आला. एक कळ, एक किंकाळी, आणि मग फादरांनी असा श्वास सोडला की सगळे हसले. फादरही हसले. मग त्यांचा आवाज एकदम हळवा झाला.

"ओब्दुलियाबाई, इतकी वर्षं तुम्ही मला विचारत होतात ना, देवाने कशासाठी बोलावलंय? मला वाटतं, आज..."

"हलू नका हो," बाई म्हणाल्या. "दुसरा पाय आणा."