नवाचा नियम आणि सतरा नंबरची जर्सी

मिनिटकाकांना खऱ्या नावाने हाक मारणारं माणूस आता उरलेलं नाही. त्यांच्या दुकानाच्या पाटीवरसुद्धा नुसतं 'लाँड्री' एवढंच आहे. 'मिनिटकाका' हे नाव त्यांना दिलं शेजारच्या कॉलेजातल्या मुलींनी. कॉलेज एवढंसं, पण मुलींची बास्केटबॉलची टीम आहे आणि टीमच्या जर्सी काकांकडे धुवायला येतात. अकरा वर्षांपूर्वी ते जर्सींचं गाठोडं पोचवायला गेले, तेव्हा सामन्याची वेळ लावणारे गृहस्थ आलेले नव्हते. कुणीतरी काकांना टेबलाशी बसवलं. घड्याळाला एकच बटण होतं, दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद. त्या दिवसापासून काका त्या खुर्चीवरून उठले नाहीत.

माणूस एकदा मोजायला लागला की त्याला आवरणं कठीण. काकांनी वही केली. कुठला नंबर किती मिनिटं, किती सेकंद मैदानावर होता, याची त्यात नोंद. नावांशी त्यांना कर्तव्य नव्हतं, ती गुण लिहिणाऱ्याच्या कागदावर असत. काकांना नंबर पुरे. वहीतलं गणित बरोबर आहे की नाही, याचा ताळा ते दुकानात जर्सी भिजवताना घेत. कॉलर नाकाजवळ नेली की म्हणत, "चार नंबर, एकतीस मिनिटं." वहीत एकतीसच निघायची. गिऱ्हाइकं मग आपले कपडे लवकर मागून घेत.

रोज दुपारी दुकान बंद करून काका समोरच्या सलूनमध्ये जात आणि तिथे वाद पेटे. विषय तीन वर्षं एकच होता: टीममध्ये मुली किती असाव्यात?

"सामना चाळीस मिनिटांचा, एका वेळी मैदानात पाच जणी. म्हणजे वाटायला मिनिटं दोनशे," काका बोटं मोडत सांगत. "नऊ मुली असल्या तर प्रत्येकीला बावीस मिनिटं तेरा सेकंद. माणसासारखं खेळता येतं. इथे आहेत सतरा!"

"मग सतरा जणींत वाटा," सलूनवाला गिऱ्हाइकाच्या गालावर फेस फिरवत म्हणे. "अकरा मिनिटं पंचेचाळीस सेकंद होतात. कमी आहेत का?"

"अरे, अकरा मिनिटांत घाम तरी येतो का? दहा नंबरपासून पुढच्या मुली म्हणजे कपाटातल्या पाहुण्यांसाठीच्या चादरी. आहेत म्हणून आहेत."

"काका, चादरीलाही एखाद दिवस पाहुणा येतोच की."

एकदा हा वाद इतका रंगला, की खुर्चीतल्या गिऱ्हाइकाची एकच मिशी उतरली आणि ते दुसरीसाठी निकालाची वाट बघत बसलं. निकाल लागला नाही. गृहस्थ तसेच ऑफिसला गेले.

टीमच्या प्रशिक्षक होत्या वनस्पतिशास्त्राच्या मॅडम. त्यांची उंची जास्त होती, म्हणून प्राचार्यांनी हे काम त्यांच्या गळ्यात मारलेलं. झाडांतलं त्यांना सगळं कळे, चेंडूतलं काही नाही. काकांनी सुवाच्य अक्षरात 'नवाचा नियम' लिहून दिला, तेव्हा मॅडमना बुडत्याला काडीचा आधार मिळाल्यासारखं झालं. त्यांनी तो कागद लॅमिनेट करून बाकावरच्या भिंतीला लावला. पहिल्या नऊ जणी खेळत. दहा ते सतरा बाकाच्या दुसऱ्या टोकाला, पाण्याच्या पिंपाआड बसत आणि टाळ्या वाजवत.

त्या वर्षी काकांना एका गोष्टीचा राग येऊ लागला. सतरा नंबरची जर्सी दर सामन्यानंतर जशीच्या तशी परत यायची. घाम नाही, डाग नाही, त्यांनी स्वतः पाडलेली इस्त्रीची घडी छातीवर शाबूत. "हिला आणतात कशाला?" ते पुटपुटत आणि न धुताच तिच्यावर परत इस्त्री फिरवत. असे तेरा सामने झाले.

आता काकांच्या घरची एक पद्धत सांगायला हवी. लाँड्रीवाल्याच्या घरचे कपडे गिऱ्हाइकांच्या कपड्यांत मिसळायला वेळ लागत नाही. त्यासाठी घरातल्या प्रत्येक कपड्याला कॉलरच्या आत लाल दोऱ्याची एक गाठ असे. काकांची, काकूंची, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या लेकीची, सगळ्यांच्या कपड्यांना. लेकीला ही गाठ मारायला सहाव्या वर्षी शिकवली होती. नवा कपडा अंगाला लागण्याआधी गाठ, हा शिरस्ता. काकांचा हात तर डोळे मिटूनही लाल गाठ लागली की कपडा उजवीकडच्या टोपलीत टाकी.

चौदाव्या सामन्यानंतर काकांनी जर्सी मोजल्या. सोळा भरल्या. पुन्हा मोजल्या, सोळाच. काका धावतच सलूनमध्ये शिरले.

"कमी केली! मॅडमनी एक कमी केली! आता बघ, सोळाच्या पंधरा होतील, पंधराच्या चौदा. हळूहळू नवावर येणार."

त्या दिवशी काकांनी सगळ्या सलूनला चहा पाजला. सलूनवाल्याने तोंड पाडून प्यायला.

संध्याकाळी घरी आले तर काकू उजव्या टोपलीतल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. काकूंच्या मांडीवर सतरा नंबर होता.

"ही इथे कशी?"

"तुम्हीच टाकलीत. लाल गाठ आहे."

काकांनी कॉलर उलटी केली. गाठ होती. थोडी डावीकडे कललेली, जशी एकच व्यक्ती मारायची.

"कुणाची आहे ही?" त्यांनी विचारलं, खरं म्हणजे विचारायची गरज नव्हती.

"अहो, तुमच्या लेकीची! लायब्ररीत जाते म्हणून सांगते ती कुठे जाते वाटलं? तुम्ही जेवताना रोज त्या चादरींचं पुराण लावता, मग ती सांगेल कशाला? कॉलेज संपत आलं म्हणून परवा कुठे तिने ही गाठ मारली. चौदा सामने तुमच्यापासून पंधरा पावलांवर बसलीय पोरगी. तुम्हाला लाल दोरा दिसतो, लेक दिसत नाही!"

काकांनी वही उघडली. त्यांना फार वाईट वाटलं. वाईट वाटण्यात लाजही होती आणि हिशेबही होता, कारण वहीत सतरा नंबरपुढे त्यांच्याच अक्षरात चौदा शून्यं ओळीने बसली होती. आता एकच सामना उरला होता. त्यानंतर लेकीचं कॉलेज संपणार आणि ती शून्यं जन्माची राहणार.

दुसऱ्या दिवशी ते मॅडमकडे गेले.

"मॅडम, नवाचा नियम चुकीचा आहे."

"असं कसं? मी तर तो लॅमिनेट केलाय!"

"त्यात माझी चूक झाली."

"काका, नियम असे बदलत नाहीत," मॅडम कुंडीतल्या रोपाचं पान पुसत म्हणाल्या. "तुम्हीच लिहिलंय, शेवटून दुसऱ्या ओळीत: दया येऊन कुणालाही आत पाठवू नये."

काकांना तो कागद खाऊन टाकावासा वाटला, पण लॅमिनेट केलेला कागद खाताही येत नाही. शेवटी त्यांनी सगळं खरं सांगितलं. मॅडमनी रोपाचं आणखी एक पान पुसलं. मग म्हणाल्या, "बघू. फार मागे पडलो तर."

शेवटच्या सामन्याला काका खुर्चीत बसले आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा मनातल्या मनात म्हणाले, आपली टीम हरू दे. टीमने वडीलधाऱ्यांचा मान राखला. दोन मिनिटं उरली तेव्हा एकतीस गुणांनी मागे होती.

मॅडमनी बाकाच्या टोकाकडे बोट केलं. पिंपाआडून सतरा नंबर उठली आणि काकांच्या टेबलाशेजारच्या खुर्चीत येऊन बसली, कारण बदली खेळाडूला तिथे थांबावं लागतं. खेळ थांबला की ती आत जाणार. बाप-लेकीत एका हाताचं अंतर होतं. ती समोर बघत होती. जर्सीवर त्यांची इस्त्री होती.

खेळ थांबेना. चेंडू बाहेर जाईना, कुणी कुणाला धक्का देईना, पंचांची शिट्टी वाजेना. एरवी दर अर्ध्या मिनिटाला पडणाऱ्या मुली त्या दिवशी सभ्यपणाची स्पर्धा असल्यासारख्या खेळत होत्या. घड्याळ पळत होतं. साठ सेकंद. पंचावन्न. लेकीचा पाय खुर्चीखाली हलत होता.

अठ्ठेचाळीसवर काकांच्या अंगठ्याने बटण दाबलं.

"घड्याळ अडकलं!" ते उभे राहून ओरडले. अकरा वर्षांतलं हे त्यांचं पहिलं खोटं.

पंचांनी शिट्टी मारली. सतरा नंबर आत गेली. पंचांनी लांबूनच विचारलं, "ठीक झालं?" काकांनी मान डोलावली आणि खेळ सुरू झाला.

लेकीला चेंडू मिळाला, तो हातातून सुटला, तिने तो पळत जाऊन परत घेतला. तिने बास्केटकडे फेकला, तो रिंगच्या जवळपासही गेला नाही. ती हसली, परत धावली. तिची वेणी सुटली. मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं, अठ्ठेचाळीस सेकंद होते, म्हणून त्यांनी पुढच्या शिट्टीला दहा नंबर आत पाठवला. मग पुन्हा पाहिलं, अजून अठ्ठेचाळीसच होते, म्हणून अकरा, मग बारा. करता करता पिंपाआडचा सगळा बाक खेळून आला. प्रेक्षकांत बसलेला सलूनवाला उभा राहून "सतरा! सतरा!" ओरडत होता. दोन्हीकडच्या मुली धापा टाकत होत्या आणि सामना काही संपत नव्हता.

शेवटी पंच लंगडत टेबलाशी आले. "काका, हे घड्याळ चालू आहे का?"

काकांनी खाली पाहिलं. अंगठा बटणाच्या शेजारी पडला होता. बटण दाबायचंच राहिलं होतं.

मग त्यांनी ते दाबलं, उरलेले अठ्ठेचाळीस सेकंद रीतसर संपवले आणि टीम तेहतीस गुणांनी हरली. समोरच्या टीमच्या प्रशिक्षकांनी तक्रार लिहायला कागद मागितला, पण जिंकलेल्या माणसाने तक्रार कशाची करायची हे त्यांना सुचेना.

सलूनवाला धावत आला. "काका, वही काढा! किती खेळली आपली सतरा?"

वही उघडीच होती. सतरापुढची पंधरावी जागा कोरी होती.

लेक घाम पुसत टेबलाशी आली. बापाने सगळं ओळखलंय, हे तिला एव्हाना कळलं होतं. "बाबा, सांगा ना. किती मिनिटं झाली माझी?"

"मोजली नाहीत गं."

"तुम्ही? आणि मोजली नाहीत?"

"बघत होतो," काका म्हणाले.

ती आत जाऊन कपडे बदलून आली आणि जर्सीचा ओला बोळा तिने त्यांच्या हातात ठेवला.

"या वेळी धुवावी लागेल," ती म्हणाली.